प्रेसचा मेल झोहोवर नेला: ‘प्रूफ ओके’ जपणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

निकाल आधीच सांगून टाकते. धंदा छोटा, डोमेन (मेलच्या पत्त्यातला @ नंतरचा भाग) स्वतःचं आणि जुने मेल खरोखर लागतात, अशी तुमची गत असेल तर झोहो मेल घ्या, पण पैसे भरायचा प्लॅन घ्या. फुकटातल्या प्लॅनने जुन्या मेलचं काम भागत नाही, का ते पुढे येईलच. डोमेनच नसेल तर आधी ते घ्या, मेल कोणाकडे ठेवायचा हा प्रश्न त्यानंतरचा. आणि कोणाकडेही गेलात तरी पैसे भरण्याआधी एक गोष्ट विचारा: उद्या तुम्हाला सोडायचं झालं तर माझे मेल मी कसे न्यायचे? सरळ उत्तर मिळालं नाही तर तिथून उठा.

आमची नागपूरच्या महाल भागात ऑफसेट प्रेस आहे. सासऱ्यांनी ट्रेडल मशीनवर सुरू केलेली. लग्नपत्रिका, बिलबुकं, लेटरहेड, शाळांची प्रगतिपुस्तकं, हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांची चलनं, आणि डिसेंबरात अधिवेशन लागलं की रातोरात छापायची निवेदनं आणि पॅम्फ्लेटं. मशीन नवरा बघतो, डीटीपीला दोघं आहेत, आणि मेल, बिलं, वसुली हे कोणालाच न आवडणारं सगळं माझ्याकडे.

व्हॉट्सॲपच्या काळात प्रेसला मेल कशाला, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. मजकूर व्हॉट्सॲपवरच येतो, ते खरं. हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो, त्यावर बोटाची सावली, आणि खाली “अर्जंट”. पण प्रूफ मी मेलनेच पाठवते आणि ‘ओके’ मेलवरच मागते. पत्रिका छापून, घडी घालून, गठ्ठे बांधून झाल्यावर कळतं की निमंत्रकांत मुलाच्या आत्याबाईंचं नाव राहिलंय. मग कोणाच्या हातून राहिलं यावरून दुकानात जे सुरू होतं, ते फक्त तारीख-वेळ असलेला मेलच थांबवतो. तो उघडून स्क्रीन त्यांच्याकडे वळवली की आवाज आपोआप खाली येतो.

दुसरं म्हणजे आमची गिऱ्हाइकं वर्षांनी परत येतात. “मोठीच्या लग्नात केली होती ना, तशीच धाकटीची करा.” मोठीला आता शाळेत जाणारं पोर असतं. ती फाइल डीटीपीच्या कॉम्प्युटरवर सापडेलच असं नाही, तो मधल्या काळात दोनदा फॉरमॅट झालेला असतो. मेलच्या ‘सेंट’मध्ये मात्र सापडते. शिवाय जीएसटीचा नियम आहे: हिशेबाचे कागद वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळायचे. आमच्या कागदवाल्यांची, शाईवाल्यांची सगळी बिलं मेलवर येतात. तेव्हा “जुने मेल उडवून टाका, जागा होईल” हा सल्ला आमच्या कामाचा नाही.

आधी आमचा मेल वेबसाइटच्या होस्टिंगसोबत फुकट मिळालेला होता. कंपनीचं नाव घेत नाही. जाहिरातीत ‘अनलिमिटेड’ होतं, प्रत्यक्षात प्रत्येक अकाउंटला मर्यादा होती, आणि ती भरली की गिऱ्हाइकाने पाठवलेला मेल त्याच्याकडेच परत जायचा. आपल्याला पत्ताही लागत नाही, गिऱ्हाईक फोन करून सांगतं तेव्हा कळतं. त्याहून वाईट म्हणजे अशा स्वस्त होस्टिंगवर एका सर्व्हरवर शेकडो वेबसाइटी असतात आणि मेल एकाच आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यावरून, बाहेर जातात. त्यातल्या कोणा एकाने स्पॅमचा धंदा केला की सगळ्यांचं नाव खराब. आमची प्रूफं जीमेलवाल्यांच्या स्पॅममध्ये जाऊ लागली. डीटीपीतला भाऊ रोज फोनवर तेच म्हणायचा, “स्पॅममध्ये पाहा जी, तिथंच पडलं असेल.” ऐन एप्रिलच्या तिथींमध्ये हे परवडत नाही.

तर पर्याय काय होते.

नुसतं जीमेल नको होतं. फुकट जीमेलवर आपलं डोमेन चालत नाही, आणि १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत वाटलेली असते. आमच्या ओळखीतले अनेक दुकानदार वेगळीच युक्ती करायचे: डोमेनचा मेल होस्टिंगवर, आणि जीमेलला सांगून ठेवायचं की तिथले मेल पॉपने (सर्व्हरवरून मेल उतरवून घ्यायच्या पद्धतीने) ओढून घे. गूगलने ही सोय २०२६ पासून काढून घेत असल्याचं जाहीर केलंय, तेव्हा ज्यांचं असं चाललंय त्यांनी आता हातपाय हलवा. पैसे भरायचं गूगल वर्कस्पेस चांगलंच आहे, सुरुवातीच्या प्लॅनला माणशी ३० जीबी. मला ते फक्त मेलपुरतं महाग वाटलं. बाकीचं आम्ही वापरणार नव्हतो. मायक्रोसॉफ्टचंही तेच.

प्रोटॉन मेल स्वित्झर्लंडचा, गुप्ततेसाठी नावाजलेला. पण त्यात थंडरबर्ड किंवा आउटलुकसारखं मेलचं सॉफ्टवेअर जोडायचं तर कॉम्प्युटरवर ब्रिज नावाचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं आणि तेही पैसे भरणाऱ्यांनाच. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने हा मेल भारतात बंद करण्याची कारवाई करा असं केंद्राला सांगितलं होतं. लग्नपत्रिकेच्या प्रूफला एवढी जोखीम कशाला? आयमॅप म्हणजे बाहेरच्या कुठल्याही सॉफ्टवेअरला तुमच्या मेलपर्यंत जाण्याचा मधला रस्ता. जर्मनीच्या टुटामध्ये तर तोच नाही, म्हणजे माझ्या पहिल्याच प्रश्नाला तो बाद. ऑस्ट्रेलियाचा फास्टमेल १९९९ पासून आहे, फक्त मेलचाच धंदा करतो, आणि जुने मेल आत घ्यायची सोय त्याची उत्तम आहे. डॉलरमध्ये बिल चालत असेल तर जरूर पाहा. आम्हाला जीएसटीचं बिल हवं होतं.

राहिला झोहो. चेन्नईची कंपनी, भारतातल्या ग्राहकांचा डेटा भारतातल्याच सेंटरमध्ये, जाहिराती नाहीत. फुकट प्लॅनमध्ये आपल्या डोमेनवर पाच जणांपर्यंत अकाउंट आणि प्रत्येकाला ५ जीबी मिळतात, आणि नवा धंदा असेल तर तेवढ्यात वर्ष-दोन वर्षं सहज निघतील. पण त्यात आयमॅप आणि पॉप नाही. ब्राउझर आणि त्यांचं मोबाइल ॲप, एवढंच. आयमॅप म्हणजे बाहेरच्या कुठल्याही सॉफ्टवेअरला तुमच्या मेलपर्यंत जाण्याचा मधला रस्ता. आयमॅप नसेल तर डीटीपीच्या कॉम्प्युटरवर पडून असलेले जुने मेल सहज आत टाकता येत नाहीत आणि उद्या सहज बाहेरही काढता येत नाहीत. म्हणून पैसे भरायचा प्लॅन. लाइट म्हणतात तो अकाउंटमागे महिन्याला शंभराच्या आत पडतो, वर्षाचे एकदम भरायचे, वर १८ टक्के जीएसटी. त्याच्या वरचा ५० जीबीचा प्लॅन बराच महाग आहे, पण सगळ्यांनी एकच घ्यावा अशी सक्ती नाही. एकाला मोठा, बाकीच्यांना लहान असं मिसळता येतं.

इथे एक पैसे वाचवायची गोष्ट. आमचे चार-पाच पत्ते होते: ऑर्डर, अकाउंट, चौकशी, आणि दोघांच्या नावाचे. प्रत्येक पत्त्याला वेगळं अकाउंट लागत नाही. एका अकाउंटला एलियस म्हणून दुसरे पत्ते जोडता येतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. आम्ही अकाउंट दोनच घेतले, ऑर्डरचं मोठं आणि हिशेबाचं लहान. बाकी सगळे पत्ते त्या दोघांतच उतरतात. एवढं करूनही बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, म्हणणं होतंच, “पैसे देऊन मेल कोण घेते बापा?” त्यांना वर्षाचा आकडा सांगितला. “एवढ्यात तर एका गठ्ठ्याचा कागद नाही येत,” म्हणाले, आणि विषय संपला.

आता मुख्य काम, जुने मेल हलवणं.

मुहूर्त म्हणाल तर पितृपक्ष धरला. २०२५ मध्ये तो सप्टेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात होता. त्या पंधरवड्यात पत्रिका छापायला कोणी येत नाही, प्रेसमध्ये बिलबुकं आणि मशीनची साफसफाई. तुमच्या धंद्यातला असा थंड काळ शोधा. मेल हलवणं अवघड नाही, पण मध्येच कोणी “आत्ता प्रूफ पाठवा” म्हटलं की माणूस घाई करतो.

आधी मोजमाप. कुठल्या अकाउंटमध्ये किती जागा गेलीय हे पाहिलं, तर सगळ्यात जड फोल्डर इनबॉक्स नव्हता, ‘सेंट’ होता. साहजिक आहे, प्रूफ आम्ही पाठवतो, समोरून नुसतं ‘ओके’ येतं. आणि फाइल मेलमध्ये जाते तेव्हा ती आधी साध्या अक्षरांत रूपांतरित होते, त्यात सुमारे एक तृतीयांश फुगते. १५ एमबीची कोरलची फाइल मेलमध्ये २० एमबी खाते. म्हणून जागेचा हिशेब कॉम्प्युटरवरच्या फाइलींवरून करू नका, जुन्या सर्व्हरवर दिसणारा आकडा धरा.

शिवाय आमच्याकडे ‘सेंट’ तीन निघाले. ‘सेंट’, ‘सेंट आयटम्स’ आणि ‘सेंट मेसेजेस’. वेबमेलने एक केला, आउटलुकने दुसरा, कोणाच्या तरी फोनने तिसरा. प्रत्येकात खरे मेल. हे तिन्ही आधी जुन्याच जागी एकात ओतले आणि मग निघालो. नव्या घरी नेऊन आवरू म्हटलं की ते कधी आवरलं जात नाही.

मग क्रम. नवीन अकाउंट उघडायचे, डोमेन आपलंच आहे हे डोमेनच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट रेकॉर्ड नावाची नोंद टाकून सिद्ध करायचं, आणि मग एमएक्स रेकॉर्ड बदलायचे. एमएक्स म्हणजे जगाला सांगणं की या डोमेनचे मेल आता इकडे टाका. आधी नवे मेल नव्या जागी यायला लागू द्यायचे, जुने मागून निवांत ओढायचे. उलटं केलं तर ओढून झाल्यावरही जुन्या जागी मेल येत राहतात आणि शेवट सापडत नाही. एमएक्स बदलण्याच्या आदल्या दिवशी त्याचा टीटीएल कमी करून ठेवा. सीपॅनल (होस्टिंगची सेटिंग बघायचं पान) असलेल्या होस्टिंगमध्ये तो सहसा १४४०० सेकंद असतो, म्हणजे चार तास. जग तुमचा जुना पत्ता तेवढा वेळ डोक्यात ठेवतं. तो ३०० केला की बदल पाच मिनिटांत लागू व्हायला लागतो.

झोहोच्या ॲडमिन कन्सोलमध्ये डेटा मायग्रेशन नावाचा भाग आहे. त्यात जुन्या सर्व्हरचं नाव, पोर्ट ९९३, जुना आयडी-पासवर्ड दिला की ते सर्व्हरवरून सर्व्हरवर ओढतं. तुमचा कॉम्प्युटर चालू असायची गरज नाही. पावसाळ्याच्या शेवटी महालात लाइट जाते-येते, तेव्हा ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटली. कुठले फोल्डर वगळायचे तेही सांगता येतं; स्पॅम आणि ट्रॅश वगळा, उगाच कचरा कशाला न्यायचा.

पण सगळं एकदम सोडू नका. आधी एक छोटा फोल्डर न्या आणि तारखा पाहा. हे मी ठळक करून सांगते, कारण बाकी कुठेही चूक झाली तर निस्तरता येते, इथे नाही. प्रत्येक मेलला दोन तारखा असतात. एक पाठवणाऱ्याने मेलच्या आत लिहिलेली, दुसरी सर्व्हरला तो मिळाला तेव्हाची. मेल हलवणाऱ्या काही सॉफ्टवेअरना दुसरीचं भान नसतं, मग फोनवर सगळे जुने मेल ‘आज आले’ असे दिसतात आणि रांग विस्कटते. मेलच्या आतली तारीख शाबूत असते, पण ती काढून दाखवायला हेडर, म्हणजे मेलच्या आतल्या लपलेल्या नोंदी, उघडावे लागतात. आत्याबाईंच्या भावाला हेडर काय दाखवणार? आम्ही २०१९च्या शाळांच्या कामांचा एक फोल्डर आधी नेला, फोनवर आणि ब्राउझरवर दोन्हीकडे तारखा ताडल्या, बरोबर होत्या, मग बाकीचं सोडलं.

मराठी नावाचे फोल्डर असतील तर एक गंमत बघायला मिळेल. आमच्याकडे ‘पत्रिका’, ‘पावत्या’, ‘शाळा’ असे फोल्डर आहेत. मायग्रेशनच्या लॉगमध्ये त्या जागी अँडची खूण आणि पुढे रोमन अक्षरांची अर्थहीन रांग दिसते. ते पाहून डीटीपीतला भाऊ म्हणाला, “ताई, आपलं पत्रिकेचं फोल्डर दिसूनच नाही राहिलं.” फोल्डर तिथेच होता. आयमॅप हा जुना प्रकार आहे, १९८६ पासूनचा, आणि देवनागरीसारखी लिपी फोल्डरच्या नावात आली की तो ती आतल्या आत अशी सांकेतिक करून ठेवतो. दोन्हीकडचे सर्व्हर ती खूण ओळखतात, त्यामुळे पलीकडे ‘पत्रिका’ म्हणूनच उतरतं. घाबरून नाव बदलू नका.

जे गेलं ते खरंच सगळं गेलं का, हे तपासायला आयमॅपसिंक वापरलं. फ्रान्समधले जील लामिराल यांनी लिहिलेलं, वर्षानुवर्षं चालत आलेलं सॉफ्टवेअर आहे. दिसायला काळी खिडकी आणि पांढरी अक्षरं, बटण एकही नाही. पण ते मेलच्या हेडरवरून ओळखतं की हा मेल पलीकडे आहे की नाही, आणि नसलेलाच नेतं. म्हणून कितीही वेळा चालवलं तरी मेल दुप्पट होत नाहीत. नुसता सराव करायचीही सोय आहे: काय नेलं असतं ते दाखवतं, नेत काहीच नाही. एमएक्स बदलताना मधल्या वेळात जे चार मेल जुन्या जागी पडले होते, ते यानेच उचलले. ज्यांना कमांड टाइप करायचा कंटाळा आहे त्यांना झोहोचं स्वतःचं मायग्रेशन पुरेसं आहे. फोल्डरनिहाय मेलची संख्या मात्र दोन्हीकडे शेजारी-शेजारी ठेवून मोजाच.

सगळ्यात जुने मेल सर्व्हरवर नव्हतेच. डीटीपीच्या एका कॉम्प्युटरवर थंडरबर्ड पॉपने लावलेलं होतं. पॉप फक्त इनबॉक्स उतरवतं, आणि तसं सांगितलेलं असेल तर उतरवल्यावर सर्व्हरवरून पुसून टाकतं. म्हणजे ते मेल जगात एकाच ठिकाणी होते, त्या धुळकट सीपीयूमध्ये. आधी त्या फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. मग त्याच थंडरबर्डमध्ये झोहोचं अकाउंट आयमॅपने जोडलं आणि मेल डावीकडून धरून नव्या फोल्डरवर सोडले. एकदम हजारो सोडले की मध्ये अडकतं, वर्षावर्षाचे गठ्ठे करून सोडले तर सरळ जातं. झोहोमध्ये यासाठी सेटिंगमध्ये जाऊन आयमॅप चालू करावं लागतं, आणि टू-फॅक्टर (पासवर्डनंतरची दुसरी खात्री) लावलं असेल तर थंडरबर्डसाठी वेगळा ॲप पासवर्ड काढावा लागतो. नेहमीचा पासवर्ड तिथे चालत नाही, आणि ते बरंच आहे.

त्या गठ्ठ्यात श्री-लिपी आणि कृतिदेवच्या काळातले मेल होते. तेव्हा लोक मजकूर त्या फॉन्टमध्ये टाइप करून थेट मेलमध्ये चिकटवायचे. फॉन्ट नसलेल्या ठिकाणी तो उघडला की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि टिंबांची रांगोळी. मेल हलवल्याने ते सुधारत नाही आणि बिघडतही नाही, जसंच्या तसं पलीकडे जातं. फक्त लक्षात ठेवा की अशा मेलमध्ये देवनागरीत शोधलं तर काही सापडणार नाही; पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून किंवा तारखेवरूनच शोधावं लागतं. युनिकोडमध्ये आलेल्या मेलांना ही अडचण नाही. आडनाव मराठीत टाकलं की पत्रिका समोर.

जीमेलवरून निघणाऱ्यांसाठी थोडं: तिथे फोल्डर नसून लेबलं असतात, एका मेलला दोन लेबलं असली की आयमॅपला तो दोनदा दिसतो, आणि ‘ऑल मेल’मध्ये तिसऱ्यांदा. तेव्हा ‘ऑल मेल’ वगळून न्या किंवा फक्त तोच न्या. शिवाय गूगल आयमॅपवरून दिवसाला २५०० एमबीपेक्षा जास्त उतरवू देत नाही, त्यामुळे मोठं अकाउंट एका रात्रीत निघणार नाही.

मेल गेले की काम संपलं असं वाटतं, पण नवीन जागेवरून पाठवलेले मेल स्पॅममध्ये जाऊ नयेत म्हणून एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क हे, मेल खरंच आपल्याच डोमेनचा आहे हे पटवणारे, तीन रेकॉर्ड डोमेनवर टाकावे लागतात. गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून याबाबत कडक धोरण धरलंय. झोहो काय टाकायचं ते आयतं देतं, कॉपी-पेस्ट. फक्त एसपीएफ (कोणाच्या सर्व्हरवरून आपले मेल जाऊ शकतात त्याची यादी) एका डोमेनला एकच चालतो. जुन्या होस्टिंगचा राहू दिला आणि झोहोचा दुसरा टाकला, तर दोन्ही निकामी. आमच्या वेबसाइटवरून मेल जात नसल्याने जुना काढून टाकला. जात असता तर दोघांचं एकाच ओळीत लिहावं लागलं असतं.

वेबसाइट जुन्याच होस्टिंगवर राहणार असेल तर तिथल्या सीपॅनलमध्ये ईमेल रूटिंग नावाची जागा शोधा आणि ‘लोकल’चं ‘रिमोट’ करा. नाहीतर त्याच सर्व्हरवरून कोणी तुम्हाला मेल केला, मग ते होस्टिंगच्या शेजारचं एखादं दुकान का असेना, तर तो सर्व्हर बाहेर न बघता मेल आपल्याच जुन्या फोल्डरमध्ये टाकतो. चौकशीच्या फॉर्मचे मेल हरवतात ते बहुतेक इथेच.

वापरून काय वाटलं? वेग चांगला, शोध चांगला, ॲप साधं. माझ्या फोनवर ऑर्डर आणि हिशेब दोन्ही अकाउंट एकत्र दिसतात, हे रोजच्या कामात सोयीचं. ॲडमिन कन्सोल मात्र मोठ्या कंपनीच्या हिशेबाने बांधलेलं आहे. दोन अकाउंटवाल्या प्रेसला त्यातलं बहुतेक काही लागत नाही आणि नेमकं हवं ते तिसऱ्या मेनूआड लपलेलं असतं. झोहोचं बाकी सॉफ्टवेअर किती आहे ते विचारू नका, कुठेही गेलं की कोपऱ्यात एखादं डोकावतंच. दिवाळीच्या शुभेच्छा हजार गिऱ्हाइकांना एकदम पाठवायला हे नाही, रोज बाहेर जाणाऱ्या मेलला मर्यादा आहे. आणि प्रूफं स्पॅममध्ये जाणं थांबलं, ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते झालं.

आम्ही हलवलं आणि पुढच्याच महिन्यात, ८ ऑक्टोबर २०२५ ला, अमित शहांनी आपण झोहो मेलवर आलो असं जाहीर केलं. तेव्हापासून दुकानात येणारा प्रत्येक दुसरा माणूस मला झोहो समजावून सांगतो. स्वदेशी म्हणून घ्या किंवा नका घेऊ, तो तुमचा प्रश्न. मी घेतलं ते आयमॅप, जीएसटीचं बिल आणि दर पाहून. उद्या दर दुप्पट झाले तर त्याच आयमॅपने निघता येईल, आणि पत्ता डोमेनचा असल्याने गिऱ्हाइकाला कळणारही नाही. म्हणूनच थंडरबर्ड अजून काढून टाकलेलं नाही. आठवड्यातून एकदा ते दोन्ही अकाउंटची पूर्ण प्रत प्रेसमधल्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवतं. त्यासाठी अकाउंटच्या सेटिंगमध्ये मेल कॉम्प्युटरवर साठवण्याची खूण चालू हवी, तेवढी पाहून घ्या. जुन्या होस्टिंगवरचे अकाउंट रिकामे केलेले नाहीत, ते पुढच्या नूतनीकरणापर्यंत तसेच राहतील.

उरलाय तो बाबांचा याहूचा आयडी. त्यावर मेल थोडेच आहेत, ते नेणं सोपं आहे. पण तोच पत्ता बँकेत, विजेच्या बिलावर, पॅनला आणि प्रेसच्या मालमत्ता करावर दिलेला आहे, आणि तो त्यांच्या डोमेनचा नाही, याहूचा आहे. त्यामुळे एकेका ठिकाणी जाऊन बदलण्यावाचून उपाय नाही. बँकेचं आणि पॅनचं झालंय. बाकीचं मार्च संपला की बघू.